गोडाचे सगेसोयरे

वसईतल्या आगाशी, नंदाखाल, निर्मळ या पट्ट्यातल्या वाड्यांमधून जे केळं मुंबईच्या बाजारात जातं, त्याच्या गरात एक प्रथिन असतं. संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने केळ्यातल्या या प्रथिनाची रचना तपासली, तेव्हा ती थॉमॅटिन नावाच्या एका आफ्रिकी प्रथिनाशी जवळजवळ जुळली. थॉमॅटिन वजनाला वजन साखरेच्या दोन ते तीन हजार पट गोड आहे. केळ्यातलं त्याचं भावंड मात्र अजिबात गोड नाही. केळं गोड लागतं ते त्यातल्या साखरेमुळे. हे प्रथिन तिथे असतं ते बुरशीशी लढायला.

घराणं एक, बांधा एक, आणि तरीही एकाने जिभेवर गोडाचा कहर करावा नि दुसऱ्याचा जिभेला पत्ताही लागू नये, असं का? या प्रश्नाच्या मागे गेलं की गोडीबद्दलच्या आपल्या काही पक्क्या समजुती ढिल्या होतात. गोडी पदार्थात असते, ही त्यातली पहिली.

प्रथिन आणि गोड चव ही जोडी तशी विजोडच. डाळ, पनीर, अंड्याचा पांढरा भाग, सुके बोंबील, यांतलं काहीही गोड नाही. साखरेचा रेणू अवघ्या ४५ अणूंचा. थॉमॅटिनचा रेणू २०७ अमिनो आम्लांची लांबलचक साखळी गुंडाळून बनलेला, साखरेच्या रेणूपेक्षा सुमारे ६५ पट जड. गोड लागायचं तर रेणू लहान हवा, असं रसायनशास्त्रज्ञ बराच काळ धरून चालले होते. १९७२ साली हा समज एकदम दोन ठिकाणी मोडला. नेदरलँड्समध्ये युनिलिव्हरच्या प्रयोगशाळेत व्हॅन डेर वेल आणि ल्यूव्ह यांनी थॉमॅटिन वेगळं काढलं, आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत मॉरिस आणि कॅगन यांनी दुसऱ्या एका आफ्रिकी फळातली गोडी प्रथिनाचीच असल्याचं दाखवलं. संस्थेच्या नावावरून त्या प्रथिनाला मोनेलिन म्हणू लागले.

प्रयोगशाळांनी १९७२ मध्ये जिचा उलगडा केला, ती गोडी आफ्रिकेतल्या गावकऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होती.

पानं महत्त्वाची, फळ वाऱ्यावर

थॉमॅटिनचं झाड घाना, आयव्हरी कोस्ट, नायजेरिया या देशांच्या पावसाळी जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. कर्दळीसारखी रुंद पानं, आणि जमिनीलगत लाल, तीन कंगोऱ्यांची फळं. फळात काळ्या बिया, बियांभोवती बुळबुळीत गर, आणि बीच्या टोकाला एक छोटंसं मऊ आवरण. सगळी गोडी त्या आवरणात. तिथल्या लोकांना या झाडाची पानंच जास्त मोलाची. आपण केळीच्या पानात पानगी भाजतो, हळदीच्या पानात पातोळ्या उकडतो, तसे ते या पानांत अन्न गुंडाळून शिजवतात. आंबूस झालेली ताडी किंवा खाणं गोड करायला फळ वापरायचे, बाकीची फळं तशीच जंगलात पडून राहायची.

ब्रिटिश सैन्यातले एक शल्यचिकित्सक विल्यम डॅनियल यांनी १८५५ साली या फळाची माहिती लंडनच्या औषधशास्त्रविषयक नियतकालिकात छापली. पुढे झाडाच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव गेलं. त्यानंतर शंभरेक वर्षं युरोपात त्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. साखर स्वस्त होती आणि साखरेने काही बिघडतं असं कुणाला वाटत नव्हतं.

हे झाड आणि आपली केळ, हळद, आलं, कर्दळ हे सगळे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच गणातले. पानात अन्न शिजवण्याची सवय दोन खंडांत सारखी दिसते, त्यामागे पानांचं हे नातंही आहे: रुंद, लवचिक, शिरा समांतर, आणि चटकन न फाटणारी.

पालघर जिल्ह्यातली नाती

वनस्पतींमधली अतिगोड किंवा चव पालटणारी प्रथिनं आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडली आहेत, आणि ती सगळी उष्ण प्रदेशातली. आश्चर्य म्हणजे त्यांतल्या मुख्य सहांपैकी जवळपास प्रत्येकाचा कुणी ना कुणी नातेवाईक वसई ते डहाणू या टापूत, वाडीत, रानात किंवा स्वयंपाकघरात भेटतो.

थॉमॅटिनच्या झाडाचं केळीशी असलेलं नातं वर आलंच. मोनेलिनचा वेल गुळवेलीच्या कुळातला. वसईत कुंपणावर, आंब्याच्या फांदीवर चढणारी गुळवेल कडूजहर, आणि तिच्या आफ्रिकी चुलतबहिणीच्या द्राक्षासारख्या घोसात साखरेच्या हजारो पट गोडी.

तिसरं प्रथिन मिरॅक्युलिन. ते पश्चिम आफ्रिकेतल्या एका लहान लाल फळातलं, आणि ते झाड चिकूच्या कुळातलं. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू, वारली पाड्यांवरचा मोह आणि अंगणातली बकुळ ही सगळी त्याच कुळातली मंडळी. मिरॅक्युलिन स्वतः गोड नाही. फळ चघळलं की ते जिभेला चिकटून बसतं, आणि त्यानंतर आंबट काही खाल्लं की ते आंबट गोड लागतं. लिंबू, चिंच, करवंद, काहीही चालतं. परिणाम तासाभरापर्यंत टिकतो. फ्रेंच प्रवासी दे मार्शे यांनी १७२५ मध्ये स्थानिक लोकांना जेवणाआधी हे फळ चघळताना पाहिलं होतं. त्यातलं प्रथिन १९६८ साली वेगळं काढण्यात आलं. १९७० च्या दशकात अमेरिकेत एका कंपनीने मधुमेहींसाठी त्याच्या गोळ्या बाजारात आणायचा घाट घातला. पण १९७४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला ‘अन्नात मिसळायचा पदार्थ’ ठरवून नव्याने सुरक्षिततेचे पुरावे मागितले आणि तो उद्योग तिथेच बसला.

चौथं कुर्क्युलिन, मलेशियातल्या एका झुडपाचं. आपल्याकडे पावसाळ्यात जंगलात उगवणारी, पिवळ्या चांदणीसारख्या फुलांची काळी मुसळी त्याच प्रजातीतली. १९९० साली जपानी संशोधकांनी वेगळं काढलेलं हे प्रथिन स्वतःही गोड आहे आणि त्यानंतर प्यायलेलं साधं पाणीही गोड करतं. आवळा खाऊन पाणी प्यायलं की काय होतं हे आपल्याला माहीत आहे. आवळ्यातलं रसायन वेगळं, पण जिभेला येणारा अनुभव त्याच जातीचा.

पाचवं मॅबिनलिन, चीनच्या युनान प्रांतातल्या एका झुडपाच्या बियांमधलं. ते झुडूप आपल्या वाघाटीच्या प्रजातीतलं. आषाढी एकादशीनंतरच्या द्वादशीला अनेक घरांत वाघाटीची भाजी लागते, तीच ही. युनानमधले लोक त्या बिया चघळत आले आहेत.

सहावं ब्राझीन, गॅबॉन आणि कॅमेरूनच्या जंगलातलं. १९९४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मिंग आणि हेलेकांत यांनी ते वेगळं काढलं. सहांमध्ये सर्वांत लहान, अवघी ५४ अमिनो आम्लं. त्याचं झाड मोहरी, मुळा, शेवगा यांच्या गणातलं आहे.

संरक्षक गोड कसे झाले

झाडांची नाती अशी, तर प्रथिनांची नाती आणखी मजेशीर. सहा गोड प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींशी जुळतील, त्यांच्यात गोडीचा काही सामायिक तुकडा सापडेल, असं संशोधकांना आधी वाटलं. तसं काही निघालं नाही. प्रत्येकीचं मूळ घराणं वेगळं, आणि ही घराणी आपल्या रोजच्या शिध्यात आहेत.

थॉमॅटिनच्या घराण्यातली प्रथिनं केळ्यात, सफरचंदात, द्राक्षात, चेरीत असतात. बुरशी लागली की झाडं ती वाढवतात. द्राक्षातलं हेच प्रथिन वाईन गढूळ करतं, म्हणून वाईन करणारे ते काढून टाकतात. मोनेलिनची घडी ज्या प्रथिनांसारखी आहे, ती तांदळाच्या दाण्यात असतात. किड्याच्या पोटातली पाचक द्रव्यं ती अडवतात. मिरॅक्युलिन सोयाबीनमधल्या त्या प्रथिनाच्या गोतातलं, ज्याच्यामुळे कच्चं सोयाबीन पचत नाही. कुर्क्युलिनचे नातेवाईक लसणाच्या पाकळीत. मॅबिनलिनचे मोहरी आणि तिळात, बीमधलं साठवणीचं प्रथिन म्हणून. ब्राझीनची घडी मुळ्याच्या बीमधल्या बुरशीनाशक प्रथिनासारखी.

म्हणजे सहांपैकी बहुतेक जणी मुळात झाडाच्या पहारेकरी. किडीला, बुरशीला तोंड देण्यासाठी झाडांनी घडवलेली प्रथिनं काही ठिकाणी थोडी बदलली, आणि त्यांचा पृष्ठभाग योगायोगाने माणसाच्या जिभेला लागू पडला. ही घटना सहा वेगवेगळ्या झाडांत स्वतंत्रपणे घडली. प्रथिनांच्या साखळीत गोडीचा तुकडा सापडत नाही, त्याचं कारण गोडी ठरवणारा पक्ष दुसरा आहे. तो आहे जीभ.

जिभेची बाजू

गोड चव ओळखणारा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, २००१ च्या सुमारास सापडला. आपल्या स्वादकलिकांमधल्या काही पेशींच्या पृष्ठभागावर दोन प्रथिनांची जोडी बसलेली असते. शास्त्रज्ञ तिला टी१आर२ आणि टी१आर३ म्हणतात. या जोडीचे बाहेर आलेले भाग शिंपल्यासारखे उघडमिट करतात. साखर, सॅकरिन, अॅस्पार्टेम हे छोटे रेणू त्या फटीत जाऊन बसले की शिंपला मिटतो, जोडीची ठेवण बदलते आणि मेंदूला निरोप जातो: गोड.

थॉमॅटिन त्या फटीत मावतच नाही. मग ते काय करतं? नेपल्सचे पिएरो तेमुस्सी यांनी २००२ साली पाचरीची कल्पना मांडली: प्रथिन बाहेरून ग्राहकाच्या दोन भागांत पाचर मारल्यासारखं बसतं आणि त्याला चालू अवस्थेतच धरून ठेवतं. पुढच्या प्रयोगांनी तपशील बदलले. थॉमॅटिन आणि ब्राझीन मुख्यतः टी१आर३ च्या पेशीलगतच्या मानेच्या भागाला धरतात, असं दिसलं. पण मूळ मुद्दा टिकला. ही प्रथिनं पृष्ठभागाने पृष्ठभागाला पकडतात, आणि या पकडीत धन विद्युतभार निर्णायक असतो. थॉमॅटिनच्या साखळीतलं ८२ व्या जागेवरचं आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल बदललं तरी त्याची गोडी कोसळते. केळ्यातलं भावंड बांध्याने सारखं असूनही गोड नाही, त्याचं कारण इथे आहे: घडी तीच, पण पृष्ठभागावर विद्युतभारांचं वाटप वेगळं.

पकड मोठी, म्हणून सुटायला वेळ लागतो. थॉमॅटिनची गोडी जिभेवर उशिरा चढते आणि बराच वेळ रेंगाळते, मागे ज्येष्ठमधासारखी चव ठेवून. गोड प्रथिनांची हीच मोठी अडचण आहे, आणि तिचं मूळ त्यांच्या ताकदीतच आहे.

जीभ बदलली की गोडी नाहीशी होते, याचे दाखले प्राण्यांत भरपूर. मांजराच्या जनुकसंचात टी१आर२ चं जनुक निकामी झालेलं आहे, हे २००५ मध्ये कळलं. बर्फीपाशी घुटमळणाऱ्या मांजराला ओढ असते ती दुधा-तुपाची. आफ्रिका-आशियातल्या माकडांना आणि वानरांना थॉमॅटिन गोड लागतं, दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना लागत नाही. गोरिलांची गोष्ट याहून चमत्कारिक. ब्राझीनचं झाड ज्या जंगलात वाढतं, तिथेच गोरिला राहतात, पण ते ही फळं सोडून देतात. २०१६ च्या एका अभ्यासात गोरिलांच्या टी१आर३ मध्ये नेमके असे बदल आढळले, ज्यांनी ब्राझीनची पकड सुटावी. संशोधकांचा तर्क असा: साखर बनवायला झाडाला ऊर्जा लागते. त्याऐवजी चिमूटभर प्रथिनाने गोडीचा भास निर्माण करून माकडांकडून बिया पसरवून घेणं झाडाला स्वस्त पडतं. गोरिलाला मात्र त्या फळातून उष्मांक मिळत नाहीत, म्हणून ज्या गोरिलांना ते गोड लागलंच नाही, ते फसले नाहीत आणि टिकले.

उलट दिशेचा प्रयोग तर आपल्याच रानात होतो. गुडमार, म्हणजेच मधुनाशिनी, ही वेल सह्याद्रीत सर्वत्र आढळते. तिचं पान चघळून साखर तोंडात टाकली की वाळू खाल्ल्यासारखं वाटतं. एजवर्थ या ब्रिटिश अधिकाऱ्याने चहाच्या बाबतीत हा अनुभव घेतला आणि १८४७ साली तो लंडनच्या विद्वानांपुढे मांडला गेला. माणसाच्या जिभेवर हे काम तिच्यातली जिम्नेमिक आम्लं करतात. तिच्यात गुर्मारिन नावाचं ३५ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिनही आहे. ते उंदरांची गोड चव बंद करतं, माणसावर त्याचा जवळजवळ परिणाम होत नाही. साखरेचा कण तोच, जिभेवरची जोडी बंद, आणि गोडी गायब.

घडी मोडली की गोडी गेली

या प्रथिनांची गोडी त्यांच्या आकारात असल्यामुळे आकार बिघडला की ती जाते. मोनेलिनच्या दोन साखळ्या, एक ४४ आणि दुसरी ५० अमिनो आम्लांची, नुसत्या एकमेकींना बिलगून असतात. त्यांच्यात पक्का रासायनिक बंध नाही. पन्नास अंश सेल्सिअसच्या वर त्या विलग होऊ लागतात आणि गोडी उडते. आपल्या पद्धतीने दूध-साखर-पत्ती एकत्र उकळून केलेल्या चहात मोनेलिन टिकणार नाही. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात सुंग-हो किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन साखळ्या एकमेकींना जोडून एकसाखळी मोनेलिन बनवलं. गोडी तीच राहिली आणि उष्णता सोसण्याची ताकद वाढली. थॉमॅटिनला त्याच्या आठ गंधक-बंधांनी घट्ट शिवलेलं आहे. आम्लधर्मी पेयात तापवलं तरी ते तग धरतं. चार गंधक-बंधांचं ब्राझीन तर ऐंशी अंशांवर काही तास ठेवलं तरी गोड राहतं.

याच एकसाखळी मोनेलिनचं सविस्तर काम एका मराठी नावाशी जोडलेलं आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात प्रा. जयंत उदगावकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००७ पासून या प्रथिनाच्या घडीवर शोधनिबंधांची मालिका प्रसिद्ध केली. २०१७ मध्ये ते पुण्याच्या आयसर या संस्थेचे संचालक झाले. त्यांना गोडीत रस नव्हता. सुट्या साखळीपासून नेमक्या घडीपर्यंत प्रथिन कसं पोहोचतं, हा त्यांचा प्रश्न. मोनेलिन त्यासाठी सोयीचं होतं, कारण ते टप्प्याटप्प्याने घडतं. एकाच ठिकाणी पोहोचायला त्याचे रेणू वेगवेगळे मार्ग धरतात, वाटेत अर्धवट घडलेल्या अवस्थांमध्ये थांबतात, असं या प्रयोगांतून दिसलं. चुकीची घडी पडलेली प्रथिनं मेंदूच्या काही आजारांत आढळतात, त्यामुळे या प्रश्नाचं महत्त्व गोड चवीच्या पलीकडचं आहे. आफ्रिकेच्या जंगलातलं एक फळ, फिलाडेल्फियातलं नाव आणि बेंगळुरू-पुण्यातलं मूलभूत संशोधन, असा हा प्रवास.

हक्काचा प्रश्न

जंगलातून फळं गोळा करून बाजार चालवणं कठीण. फळात प्रथिन असतं अगदी थोडं. म्हणून १९८२ मध्येच युनिलिव्हरच्या शास्त्रज्ञांनी थॉमॅटिनचं जनुक काढून ते जिवाणूत घातलं. आज काही कंपन्या यीस्टमध्ये जनुक घालून मोठाल्या टाक्यांत ब्राझीन तयार करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये अशा ब्राझीनच्या वापराला हरकत घेतली नाही. युरोपात थॉमॅटिन ई-९५७ या क्रमांकाने विकलं जातं, आणि २०२१ च्या फेरतपासणीत युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने ते सुरक्षित ठरवलं.

टाकीत प्रथिन बनू लागलं की जंगलातल्या माणसाची गरज उरत नाही. विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी ब्राझीनवर अमेरिकेत पेटंटं घेतली, तेव्हा ज्यांनी हे फळ पिढ्यानपिढ्या ओळखलं, त्यांच्या वाट्याला काय, असा प्रश्न उभा राहिला. आपल्याला हा प्रश्न नवा नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. भारतात २००२ साली जैविक विविधता कायदा झाला, आणि २०१० च्या नागोया कराराने लाभात वाटा देण्याचं तत्त्व जगाने मान्य केलं. पण करार आधीच्या पेटंटांना मागे जाऊन लागू होत नाही. वारली आणि कातकरी पाड्यांवर रानातल्या पाल्याची, फळांची जी जाण आहे, तिची नोंद वेळेत होणं का महत्त्वाचं, हे ब्राझीनच्या उदाहरणावरून कळतं.

साखरेची बाकीची कामं

आता हिशेब. चहाच्या कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर. तिचे उष्मांक चाळीस. थॉमॅटिनची गोडी दोन हजार पट धरली, तर तेवढ्या गोडीला पाच मिलिग्रॅम पुरेल. प्रथिनाचेही ग्रॅमला चार उष्मांक असतात, पण पाच मिलिग्रॅमचे किती? नगण्य. ते पोटात इतर प्रथिनांसारखं पचतं, आणि रक्तातली साखर वाढवत नाही. प्रत्यक्षात गोडी वाढवत नेली तशी ही ‘पट’ घसरते आणि रेंगाळणारी चव खुपू लागते, म्हणून उत्पादक ते एकटं न वापरता इतर गोडकांबरोबर थोडं मिसळतात.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. अशा देशात हा हिशेब मोहात पाडणारा आहे. पण साखर पदार्थात एकच काम करत नसते, आणि हे समजून घ्यायला वसईची सुकेळी उत्तम.

आगाशी आणि आसपासच्या गावांत पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात. वरून साखर घालत नाहीत. ताज्या केळ्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी. पाणी उडालं की केळ्याची स्वतःची साखर दाट होते, आणि ती उरलेलं पाणी इतकं धरून ठेवते की जंतूंना ते वापरता येत नाही. म्हणून सुकेळी टिकते. तिचा चिवटपणा, तांबूस-तपकिरी रंग आणि मधासारखा वास यांतही साखरेचाच मोठा वाटा. त्याच केळ्यात ब्राझीन घातलं आणि साखर काढली, तर गोड लागेल; पण टिकणार नाही, रंग येणार नाही, आणि हातात सुकेळी नव्हे तर भलतंच काही उरेल.

चिक्कीचा पाक कडक होतो तो साखरेमुळे. मुरांबा बुरशीपासून वाचतो तो साखरेमुळे. नाताळात वसईतल्या ख्रिस्ती घरांत होणाऱ्या कुलकुलांवरचा पांढरा थर साखरेचा, आणि दोदोलला येणारा घट्टपणा गुळाचा. पावाचं पीठ फुगताना यीस्ट खातं ते साखर. पाच मिलिग्रॅम प्रथिनाला यांतलं एकही काम जमत नाही. उलट सरबत, दही, चहा-कॉफी, औषधाचं पातळ मिश्रण यांत साखरेचं काम जवळपास फक्त चवीचं असतं, आणि तिथे गोड प्रथिनं खरोखर उपयोगी पडू शकतात. कडू औषधाची चव झाकायला थॉमॅटिन वापरलं जातंच.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. वनस्पतीतून आलं म्हणून निर्धोक, असं नसतं. केळ्यातलं थॉमॅटिनसारखं प्रथिन काही लोकांना अॅलर्जी करतं. आणि जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेच्या गोडकांवर विसंबू नका, असा सल्ला दिला. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही, पण बाकीच्यांसाठी त्याचं म्हणणं सरळ आहे: जिभेची गोडाची सवय तशीच ठेवून नुसता पदार्थ बदलल्याने फारसं साधत नाही.

गोड प्रथिनांनी एक गोष्ट मात्र निर्विवाद दाखवून दिली. गोडी आणि साखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या जिभेच्या ग्राहकात आणि रेणूच्या पृष्ठभागात जुळते, दुसरी उष्मांक, घट्टपणा आणि टिकाऊपणा देते. इतकी वर्षं दोन्ही एकाच डब्यात मिळत होत्या, म्हणून त्या एकच वाटल्या. आता प्रत्येक पदार्थापुढे वेगळा प्रश्न विचारता येतो: इथे साखर नेमकं कोणतं काम करते आहे? नुसतं गोड लागण्याचं असेल, तर आधी एक चमचा कमी करून पाहावा. तेवढ्याने भागलं, तर आफ्रिकेच्या जंगलापर्यंत जायची गरज नाही. भागलं नाही, तर गुळवेल आणि चिकूच्या या दूरच्या नातेवाइकांना जरूर बोलवावं. आणि साखर टिकवण्याचं, बांधण्याचं काम करत असेल, तर तो पदार्थ साखरेसकटच करावा, आणि बेताने खावा.